पोरगा ॲडव्हान्स तर हुशार, पोरगी ॲडव्हान्स तर सोयरीक मोडली

गोदाकाठची, सेलू
काल इथं एका सरांनी लिहिलं की मराठी शब्दांत बाई-पुरुष भेद ठासून भरलाय, इंग्रजी शब्द सगळ्यांना सारखे, तवा पोरींनी इंग्रजी बोलावं, मान आपोआप मिळतो. वाचून डोकं तापलं म्हणून सविस्तर लिहिते. सर, 'ॲडव्हान्स' घ्या. पोरगा ॲडव्हान्स म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरमधलं सगळं येणारा. पोरगी ॲडव्हान्स म्हणजे हाताबाहेर गेलेली. माझ्या मावसबहिणीला बघून गेलेल्या पाहुण्यांनी निरोप धाडला, 'पोरगी चांगली हाय पण लय ॲडव्हान्स वाटली', का तर तिनं पोराला पगार विचारला! 'बोल्ड'चं तेच, 'फ्री'चं तर बोलूच नका. आन् इंग्रजांच्या घरात तरी कुठं सारखेपणा? मास्टर मालकच राहिला, मिस्ट्रेस म्हणजे आधी मालकीण, आता ठेवलेली बाई. स्पिन्स्टर म्हणजे आधी सूत कातून पोट भरणारी, मग नुसती लग्न न झालेली. इंग्लंडात लग्नाच्या नोंदीतून तो शब्द जायला २००५ साल उजाडलं.

लातूरचा मास्तर
ताई, ती पोस्ट माझीच. तुम्ही म्हणता तसे शब्द होते, पण त्यांनी बदलले की. मिस-मिसेसच्या जागी लग्न झालं का ते न सांगणारं मिझ आलं, न्यूयॉर्क टाइम्सनं १९८६ला ते छापायला घेतलं. आपल्या पत्रिका बघा, बाईला कु., सौ., श्रीमती, म्हणजे लग्न झालं का, नवरा जिवंत हाय का सगळं नावाआधीच जाहीर. मोठ्या पुरुषाला लग्न होवो न होवो, श्री.च. यावर बोला.

केजकर
ॲडव्हान्स काय असतो ते आमच्या बीड जिल्ह्यात येऊन बघा. ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम ॲडव्हान्स देतो तो कोयत्यावर, आन् कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. पैसे मोजून घेणार गडी, फेडणार दोघं. माझी माय दिवस भरत आले तरी डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रकवर चढायची, तिच्या हाताला त्यातला रुपया लागला नाही.

विवेकसिंधू, अंबाजोगाई
'उचल' हा आपला शब्द असताना ॲडव्हान्स कामून? मराठीचे आद्यकवी मुकुंदराज, त्यांची समाधी आमच्या गावात, आन् इथली पोरं नमस्काराला हाय-बाय करतात. आधी हे थांबवा.

गोदाकाठची, सेलू
काका, उचल म्हणा नाहीतर ॲडव्हान्स, घेणारा हात कुणाचा ते बोला ना.

बालाघाटी
झालं सुरू, मुकादमाला झोडा! माझ्या वडलांनी कारखान्याकडून पैसे उचलून वाटले, जोड्या रातोरात पळाल्या, आमचं रान विकून कारखान्याचं फेडलं. त्याच्यावर कुणी रडलं नाही. आन् कोयता म्हणण्यात बाईचा अपमान कुठून आला? तोडणी जोडीची, दर टनावर, पैसे घरातच जातात, हिशोब बायाच ठेवतात.

केजकर
हिशोब बायाच ठेवतात तर तिच्या खात्यावर टाका की निम्मे! टाकता का? पाळीत अंग दुखून बसली तर खाड्याचा दंड कापता, तो पण अख्ख्या कोयत्याला. त्या भीतीनं बाया गर्भाची पिशवी काढून घ्यायला लागल्या, २०१९ला विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. माझी चुलती त्यातलीच हाय. तिला विचारून या अपमान कुठं हाय ते.

बालाघाटी
आवाज खाली ठेवा. खाड्याचा दंड बाईला लावू नये, एवढं मानतो. त्याच्यापुढं नाही. कारखान्याला एक जण तरी बोलला का इथं?

लातूरचा मास्तर
धागा उसात गेला. ॲडव्हान्सपुरतं ताईंचं धरून चालू, पण सौ.-श्रीमतीवर त्यांनी अजून अक्षर काढलेलं नाही.

गोदाकाठची, सेलू
काढते. सौ. जायलाच पाहिजे, माझ्या स्वतःच्या पत्रिकेवर मी छापू दिलं नव्हतं, सासरी दोन महिने अबोला होता. पण सर, उद्या पाहुण्यांना मिझ शिकवलं तरी पगार विचारणारी पोरगी त्यांना ॲडव्हान्सच वाटणार. त्यांच्या डोक्यात पगार विचारायचा हक्क पोराकडच्यांचाच हाय.

केजकर
मी कोयत्याचा वेगळा धागा काढतो. मुकादमाच्या पोरानं तिथं यावं.

बालाघाटी
येतो. कारखान्याचा हिशोब पण मांडा मग, अर्धाच नको.