मदत हवी आहे: ‘बाबांना सांगू नका’ यावर काय बोलावं?

बेळगावातली कॅन्सर ओपीडी. खानापूर-निपाणीकडचे पेशंट मराठी बोलणारे, रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) बहुतेक कन्नड. एका पेशंटला जेमतेम ८ मिनिटं. वाईट बातमी सांगायला ‘स्पाइक्स’ या पद्धतीच्या ६ पायऱ्या वापरतो. अडतं तिसरीवर: “किती सांगू?” विचारलं की मुलगाच म्हणतो, “बाबांना काही सांगू नका.” मुलाला बाहेर बसवून पाहिलं, संशय वाढला. नुसतं ‘गाठ’ म्हटलं, तर बरं वाटताच केमो अर्धवट सुटते. शिवाय संमतीपत्रावर सही पेशंटचीच लागते. अशी ३-४ बोलणी झाली की रेसिडेंट पाचवं टाळतातच. पत्रक नको, बऱ्याच जणांना वाचता येत नाही. मुलाला न दुखावता, त्याच्यासमोरच, पेशंटला किती ऐकायचंय हे काढून घेणारी, रेसिडेंटला पाठ होतील अशी बोलीतली २-३ वाक्यं कुणी वापरतं का?