पौर्णिमेच्या विधीआधी खडे पाण्यात ठेवले आणि सेलेनाइट खराब झाला, काय चुकलं?

मी मागच्या वर्षापासून विक्का (निसर्गपूजा आणि जादूविधींचा आधुनिक पंथ) शिकतेय, घरीच, एकटीच. परवा सगळे खडे मिठाच्या पाण्यात रात्रभर गॅलरीत ठेवले, सकाळी बघते तर सेलेनाइटची कांडी खरखरीत, कडा झिजलेल्या, हात लावला की पांढरी पूड. खूप वाईट वाटलं, पहिला खडा होता तो माझा. शुद्धी मग करायची कशी?

रानवेल: अगं सेलेनाइट म्हणजे जिप्समच, कठीणपणा मोहसच्या १ ते १० मापावर फक्त २, नखानेही ओरखडा पडतो. पाण्यात हळूहळू विरघळतो तो. त्याला धूप दाखव नाहीतर नुसतं चांदण्यात ठेव. पायराइटही पाण्यात नको, गंजतो. आणि मॅलेकाइटमध्ये तांबं असतं, त्याचं पाणी अजिबात प्यायचं नाही, कुणी कितीही सांगू दे!!

चंद्रकोर: +१. अ‍ॅमेथिस्ट पाण्याला चालतो पण उन्हात ठेवू नकोस, माझा खिडकीत राहून पार फिका पडला. बाजारातला गडद केशरी सिट्रीन तर बऱ्याचदा भाजलेला अ‍ॅमेथिस्टच असतो, विचारून घे.

रानवेल: अजून एक, ध्यानासाठी परदेशातले लोक जो अ‍ॅपोफिलाइट हौसेने मागवतात तो आपल्या जळगाव-पुण्याकडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांमधला. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा बघून ये, हिरवट, पाण्यासारखे स्वच्छ स्फटिक असतात, मी तर तासभर एकाच काचेसमोर उभी होते.

चंद्रकोर: आणि ती झिजलेली कांडी टाकू नकोस गं, कोरड्या फडक्याने पुसून वेदीवर ठेव, संकल्प तुझा आहे ना त्यात.