ड्रू ब्रीझ: खांदा फाटला, उंची कमी, तरी एवढी मोठी कारकीर्द कशी?

मैदानवेडा: अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, ड्रू ब्रीझ. त्याचा उजवा, म्हणजे फेकायचाच खांदा २००५च्या शेवटच्या सामन्यात निखळला. तरी पुढे न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून तो २०२०च्या हंगामापर्यंत खेळला आणि कारकिर्दीत पासच्या एकूण ८०,३५८ यार्डांवर थांबला. दुखापत नेमकी काय होती? आणि जेमतेम सहा फुटांच्या माणसाला पुढच्या फळीतल्या धिप्पाड लाइनमनच्या डोक्यावरून दिसायचं कसं?

निशांत_के: ३१ डिसेंबर २००५, ब्रीझचा तेव्हाचा संघ चार्जर्स विरुद्ध डेन्व्हर ब्रॉन्कोज. हातातून सुटलेला चेंडू धरायला तो खाली झेपावला आणि डेन्व्हरचा खेळाडू अंगावर आला. खांद्याच्या खोबणीभोवती कूर्चेचं कडं असतं, लॅब्रम. एरवी त्याचा एखादा भाग फाटतो, इथे ते पूर्ण ३६० अंशांत फाटलं, शिवाय रोटेटर कफलाही, म्हणजे खांदा धरून ठेवणाऱ्या स्नायूंनाही, इजा झाली. सर्जन जेम्स अँड्र्यूज यांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली: हाडात अँकर बसवायचे आणि त्यांच्या धाग्यांनी कडं पुन्हा शिवायचं. खरी कसोटी ताणाची. शिवण सैल राहिली तर सांधा पुन्हा निखळतो. फार आवळली तर हात मागे वळत नाही, आणि फेकीचा वेग तिथूनच येतो. फास्ट बोलरचंही हेच. म्हणून आधी स्लिंग, मग हालचाल, मग कफ आणि खांद्याच्या पात्याचे स्नायू, आणि फेक सगळ्यात शेवटी, तीही कमी अंतरापासून. सप्टेंबर २००६ मधला पहिलाच सामना तो खेळला, हे मला आजही थोर वाटतं.

पॉकेट_पाहणारा: नव्या कराराबद्दल थोडी भर घालतो. चार्जर्सकडे २००४पासून दुसरा क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्स तयार होता. ब्रीझला घ्यायच्या विचारात असलेल्या मायामी डॉल्फिन्सच्या डॉक्टरांना खांद्याची खात्री वाटेना. सेंट्सने सहा वर्षांचे ६ कोटी डॉलर देऊ केले. पहिल्याच हंगामात ४,४१८ यार्ड, लीगमध्ये सर्वाधिक.

उंचीचं म्हणाल तर तो डोक्यांवरून नव्हे, दोन लाइनमनमधल्या फटीतून पाहायचा. त्यासाठी मधली फळी जागची हलता कामा नये. जाहरी एव्हान्स ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या) चौथ्या फेरीतला, कार्ल निक्स पाचव्या फेरीतला, पण दोघेही अव्वल गार्ड, म्हणजे मधल्या फळीतले लाइनमन, निघाले. टॅकलनी, म्हणजे कडेच्या लाइनमननी, क्वार्टरबॅकवर कडेने धावून येणाऱ्या रशरला बाहेरून मागे वळवायचं, ब्रीझने पुढे सरकून फेकायचं. मधूनच दाब आला की हे गणित बिघडतं: फट बुजते, चेंडू हाताला लागून उडतो, आणि क्वार्टरबॅक मागे सरकला तर टॅकलचा कोन चुकतो.

मैदानवेडा: मग २०१८ मधले ७४.४ टक्के यशस्वी पास याच पद्धतीचं फळ का?

पॉकेट_पाहणारा: बऱ्याच अंशी. पण तो आकडा एकटा पाहू नका, पास किती लांबचा होता ते त्यात कळत नाही. रनिंग बॅककडे (मुख्यतः चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूकडे) छोटे पास हा सेंट्सच्या हल्ल्याचा कायमचा भाग होता. २००६ मध्ये एकट्या रेजी बुश या रनिंग बॅकने ८८ पास झेलले. मात्र ते केवळ सुटकेचे पास नव्हते, वेळ आणि पावलं मोजून फेकलेले होते. ७ फेब्रुवारी २०१० चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, बघा, कोल्ट्सविरुद्ध ३१-१७, ३९ पैकी ३२ पास पूर्ण. चौथ्या क्वार्टरमध्ये सेंट्सच्या जेरेमी शॉकीच्या टचडाउनपर्यंतच्या ड्राइव्हमध्ये (सलग चढाईत) चेंडूकडे नाही, ब्रीझच्या पायांकडे लक्ष ठेवा.