कुत्र्याला कोणत्या लशी द्याव्यात? आपले अनुभव लिहावेत

आमच्या घरी गेल्या पंधरवड्यात सात आठवड्यांचे पिल्लू आले आणि त्याच्यामागोमाग सल्ल्यांचा पूर आला. ज्यांच्याकडून पिल्लू घेतले ते अनेक रोगांवरची एकत्रित लस 'नाइन इन वन' द्या म्हणतात, सोसायटीतले जाणकार 'सेव्हन इन वन' पुरेसे आहे असे सांगतात, आणि सासूबाईंचे म्हणणे असे की त्यांच्या वाड्यातल्या मोत्याला रेबीजखेरीज जन्मात दुसरी सुई लागली नव्हती. निर्णय अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेऊ. परंतु त्यांना नेमके काय विचारावे एवढे तरी आपल्याला कळावे, यासाठी हा धागा. कोणती लस दिली, कोणती टाळली आणि तो निर्णय पुढे बरोबर ठरला की अंगाशी आला, हे आपले गाव आणि कुत्र्याची राहणी सांगून लिहावे, ही विनंती.

ठाणे. लॅब्रॅडॉर, वय ३ वर्षे

ब्रीडरने दिलेल्या पुस्तिकेत तीन तारखा होत्या आणि खाली 'कोर्स कम्प्लीट' असा शेराही होता. पिल्लू तेव्हा नऊ आठवड्यांचे होते. आम्ही निर्धास्तपणे त्याला बागेत नेऊ लागलो आणि बाराव्या आठवड्यात एका सकाळी त्याने पिवळा फेस ओकला. संध्याकाळपर्यंत रक्ताचे जुलाब सुरू झाले. त्या जुलाबांचा वास एकदा नाकात गेला की पुन्हा विसरता येत नाही. पार्व्हो हा आतड्याचा विषाणूजन्य रोग झाला होता. सहा दिवस सलाइन लावावे लागले. आमचा वाचला, त्याच वेतातली त्याची बहीण मात्र दुसऱ्या घरी गेली होती, ती तिसऱ्या दिवशीच दगावली.

डॉक्टरांनी पुस्तिका उघडून आधी विचारले, "कुपीवरचे स्टिकर कुठे आहेत?" लस टोचल्यावर कुपीवरचे लेबल सोलून पुस्तिकेत चिकटवतात, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते, हे आम्हाला तोवर माहीत नव्हते. आमच्या पुस्तिकेत नुसते निळ्या बॉलपेनचे अक्षर होते, तेही तिन्ही तारखा एका बैठकीत लिहिल्यासारखे. पण त्यांचे खरे म्हणणे पुढेच होते. लस खरोखर दिली असती तरी ती लागू पडलीच असती असे नाही, कारण आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत ती लशीतला विषाणूही निकामी करतात, आणि ती नेमकी कधी ओसरतात हे एकाच वेतातल्या पिल्लांतही वेगवेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा डोस सोळा आठवडे किंवा त्यानंतरचा असेल हे पाहायचे. "डोस किती झाले ते मोजू नका, शेवटचा डोस कोणत्या वयात झाला ते बघा," हे त्यांचे वाक्य मी आता पिल्लू घेणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो.

नागपूर. पशुवैद्यक

'सात' आणि 'नऊ' या आकड्यांबद्दल थोडे लिहितो, कारण दवाखान्यात रोज हाच प्रश्न येतो. नऊ म्हणजे नऊ निरनिराळे रोग नव्हेत. हिपॅटायटिस (यकृताचा रोग) आणि अ‍ॅडिनोव्हायरस २ (श्वसनमार्गाचा विषाणू) हे घटक वेगळे मोजतात, वास्तविक अ‍ॅडिनोव्हायरस २ ची एकच लस दोन्हींपासून संरक्षण देते. लेप्टोस्पायरा (लेप्टो) या जिवाणूचा प्रत्येक उपप्रकार स्वतंत्र धरतात. आणि अनेक मोठ्या आकड्यांच्या लशींत कुत्र्यांचा कोरोना असतो, जो देण्याची शिफारस जागतिक मार्गदर्शक तत्त्वे करीत नाहीत. (२०२० साली कित्येक जण ही लस आपल्याला चालेल का असे विचारत आले होते. कुत्र्यांचा हा विषाणू आतड्याचा आहे आणि कोविडशी त्या लशीचा काहीही संबंध नाही.)

डिस्टेंपर (श्वसनमार्ग आणि मेंदूवर जाणारा विषाणूजन्य रोग), अ‍ॅडिनो, पार्व्हो आणि आपल्या देशात रेबीज, या चार लशींवर वाटाघाट नाही. पहिल्या तिन्हींचे बाळडोस आणि सहा महिने ते वर्षाच्या वयातला बूस्टर नीट झाला असेल, तर पुढे तीन वर्षांच्या आत त्या पुन्हा देण्याची गरज नसते. बाकीच्यांचा निर्णय कुत्रा कुठे राहतो, कुठे फिरतो आणि कोणाला भेटतो यावर घ्यावा. आणखी एक विनंती अशी की मेडिकलमधून कुपी आणून घरी टोचू नये. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते, आणि दुपारभर वीज गेलेल्या फ्रिजमधली कुपी बाहेरून पाहून ती बिघडली आहे की नाही हे मलाही सांगता येत नाही.

सावंतवाडी. गावठी, मोकळा राहणारा

वरील 'तीन वर्षे' वाचून लिहावेसे वाटले, कारण आमची चूक तिथेच झाली. शहरातल्या नातेवाइकांनी हेच सांगितले आणि आम्ही ते सगळ्या लशींना लागू आहे असे धरून चाललो. आमचा मांगर (गोठा) घराला लागून आहे, त्यात भाताची कणगी आणि त्यामुळे उंदीर, आणि पावसाळ्यात कुत्रा व्हाळाचे (ओढ्याचे) नाहीतर खळ्यातल्या डबक्याचे पाणी पितो. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये तो खाईनासा झाला. ओठ वर करून पाहिले तर हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या दिसल्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होत होती. तो लेप्टो निघाला. उंदराच्या मुतातून पाण्यात उतरणारा हा जंतू कुत्र्याकडून माणसालाही होतो, त्यामुळे त्याची लघवी हातमोजे घालून फिनाइलने धुणे आणि घरातल्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन गोळ्या घेणे हेही ओघाने आले. कुत्रा जगला, पण मूत्रपिंडे अधू झाली ती झालीच.

लेप्टोच्या लशीचे संरक्षण वर्षाच्या आसपासच टिकते, म्हणून ती दरवर्षी द्यावी लागते, आणि खंड पडला की पुन्हा दोन डोसांपासून सुरुवात करावी लागते, हे तेव्हा कळले. जिथे हा रोग कायमचा वस्तीला आहे तिथे ती आवश्यक लशींतच धरावी, असे 'वसावा' या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, असे आमचे डॉक्टर सांगतात. आम्ही आता ती मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी देतो. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी 'आमचा कुत्रा घरातच असतो' या भरवशावर ती सोडू नये, कारण उंदीर जिन्यातही येतो.

सातारा जिल्हा. शेतावरची दोन कुत्री

आमच्याकडे लस म्हणजे रेबीजची, एवढीच समजूत होती. ६ जुलैला जागतिक झुनोसिस दिनी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात ती मोफत मिळते, तिथे कुत्री दोरीने बांधून न्यायची आणि वर्षाचे काम झाले असे मानायचे. रेबीजचे महत्त्व आम्हाला सांगावे लागत नाही. कोल्हे वस्तीपर्यंत येतात. दोन वर्षांपूर्वी मात्र कुत्रीच्या चार पिल्लांच्या डोळ्यांना चिपडे येऊ लागली, सर्दी झाली असे समजून आम्ही हळद-दूध देत बसलो. दोन आठवड्यांनी एका पिल्लाचा जबडा काहीतरी चघळत असल्यासारखा आपोआप हलू लागला, झोपेतसुद्धा. डॉक्टरांनी लांबूनच पाहून डिस्टेंपर म्हटले. चारांपैकी एक उरले, त्याचा मागचा पाय अजून ठेक्यात उडतो. गावठी कुत्र्याला काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी तो पाय येऊन पाहावा.

म्हापसा. पाळीव, अंगणात राहणारी

गोव्यात 'मिशन रेबीज' या संस्थेची माणसे रस्त्यावरची कुत्री जाळीने पकडून लस टोचतात आणि डोक्यावर रंगाचा ठिपका लावून सोडतात, तसेच पाळीव कुत्र्यांनाही देतात. २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, तेव्हा शेजाऱ्यांनी मला विचारले की आता दरवर्षी कशाला. नियंत्रण याच सुयांमुळे आले आहे, असे मी त्यांना सांगितले आणि त्यांची कुत्री माझ्याबरोबर नेली.

पुण्याहून म्युनिक. बीगल, वय ५ वर्षे

लशींची निवड नव्हे, त्यांचा क्रम चुकल्याने आमचे चार महिने गेले. भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी रक्ताचा नमुना, त्यात प्रतिपिंडे मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबणे, असा नियम आहे. आमच्याकडे रेबीजची लस जानेवारीत दिलेली आणि चिप फेब्रुवारीत बसवलेली. लस चांगली होती, पण चिपच्या आधीची असल्याने ती कागदोपत्री धरलीच जात नाही. सगळे पहिल्यापासून करावे लागले. जर्मनी २००८ पासून जमिनीवरच्या प्राण्यांच्या रेबीजपासून मुक्त आहे, म्हणून ही कडक तपासणी आता पटते. तिकिटे रद्द करताना पटली नव्हती.

दादर. पग, वय ६ वर्षे

आमचा अनुभव लहान आहे. एकाच दिवशी संयुक्त लस आणि रेबीज दिल्यावर वीस मिनिटांत त्याचे डोळे सुजून बंद झाले. आम्ही दवाखान्याच्या बाकावरच बसलो होतो म्हणून लगेच इंजेक्शन मिळाले. आता डॉक्टर दोन लशींमध्ये तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात आणि आम्ही अर्धा तास बसल्याशिवाय रिक्षा बोलावत नाही. लस बंद केलेली नाही.

कोथरूड. स्पिट्झ

सुट्टीत कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवतो, म्हणून नाकात थेंब घालायची केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस दरवर्षी देतो. बोर्डिंगमध्ये ठेवत नसतो तर दिली नसती.

नाशिक. संकरित, वय १३ वर्षे

म्हाताऱ्या कुत्र्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमच्या राजाची मूत्रपिंडे अर्धीच काम करतात, आणि यंदा पुन्हा सगळ्या लशी द्याव्यात का याचा मला घोर लागला होता. डॉक्टरांनी रक्त तपासून डिस्टेंपर आणि पार्व्होची प्रतिपिंडे पाहिली, ती भरपूर निघाली, तेव्हा ती लस टाळली. तो आता घर आणि गच्ची सोडून कुठे जात नाही, म्हणून लेप्टोही या वर्षी नको असे ठरले. रेबीजचे मात्र ते थांबवायला तयार झाले नाहीत. "काकू, गच्चीवर माकडे येतात ना?" एवढेच त्यांनी विचारले. माकडे येतात. शुक्रवारी त्याला मांडीवर घेऊन गेले, सुई टोचताना त्याने मानही वळवली नाही, आणि स्टिकर चिकटवायला पुस्तिकेत शेवटच्या पानावर एकच चौकट उरली होती.