मी ओरडते म्हणून तो गप्प, की तो गप्प म्हणून मी ओरडते?

प्रश्न
चार वर्षं एकत्र आहोत. आधी कडाकडा भांडायचो आणि तासाभरात हसायचो. आता मी चिडते आणि तो मिटून जातो. परवा विचारलं, "माझं काही चुकलं का?" फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "काही नाही." माझा आवाज चढला, दोन वर्षांपूर्वीचंही सगळं उकरून काढलं. तो शांतपणे उठला, चार्जर काढून घेतला आणि दुसऱ्या खोलीत झोपायला गेला. अशा वेळी चार्जर बरा आठवला, याचाच मला जास्त राग आला. (हसू नका.) तीन दिवस झाले, "दिवा बंद करू का?" यापलीकडे बोलणं नाही.

प्रतिसाद 1
दोन्ही खरं असणार. मी तुमच्या 'तो'च्या जागी होतो. बाहेरून दगड, आत छाती धडधडतेय, बायकोचे शब्द कानावर पडतायत पण अर्थ लागत नाही. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने भांडणाऱ्या जोडप्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. त्यांचं म्हणणं, ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरच्याचं ऐकून घेणंच अवघड होतं, आणि शरीर निवायला निदान 20 मिनिटं लागतात. आम्ही ठरवलं की उठून जायचं असेल तर परत कधी बोलायचं ते सांगून जायचं. जो उठला, त्यानेच परत यायचं. पहिल्या वेळी मी आलोच नाही. पुढचं रामायण सांगत नाही.

प्रतिसाद 2
वीस मिनिटं ठीक, पण तीन दिवस? भांबावून गप्प होणारा माणूस वेगळा आणि तुम्ही नमेपर्यंत अबोला धरणारा वेगळा. तो कुठला, ते तुम्हालाच माहीत. आणि ताई, तुम्हीही जुनं उकरणं थांबवा. दोन वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर तो आज काय उत्तर देणार?

प्रश्नकर्ती
जुनं उकरण्याचं लागलं, पण बरोबर आहे. काल रात्री या खोलीतून त्या खोलीत मेसेज टाकला, "उद्या नऊला बोलू या?" बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "बोलू. पण एकच विषय."

सकाळपासून विचार करतेय, एकच निवडायचा तर कोणता.