लोकप्रशासनाच्या एम.ए.चा फॉर्म आणि आपली दोन राज्यांची कागदं... तुमचे अनुभव लिहा

वडगावची आत्या

काल रात्री भाची आली लॅपटॉप घेऊन. आत्या जरा बस माझ्याजवळ, लोकप्रशासनाच्या एम.ए.चा फॉर्म भरायचाय. आम्ही बेळगावचे, कर्नाटकातले, आणि ही महाराष्ट्रात करणार म्हणतेय. जिल्हा निवडायचा तर लिस्टमध्ये बेळगावी, तिच्या जन्मदाखल्यावर बेळगाम, कारण नाव बदललं २०१४ ला आणि ही त्याच्या दहा वर्षं आधीची. नावाचं तर विचारूच नका. इकडच्या मार्कशीटवर आधी नाव, मग वडिलांचं एक अक्षर, मग आडनाव, तिकडच्या फॉर्मला आधी आडनाव पाहिजे आणि वडिलांचं नाव पूर्ण. दोन तास त्यातच गेले.

मला एकदम १९९८ चा जून आठवला. माझे बाबा कचेरीसमोर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. खेड्यातनं बायका यायच्या, विधवा पेन्शन, रेशनकार्ड, वारसा लावायचा, सगळं मराठीत सांगायच्या आणि बाबा कन्नडमध्ये लिहायचे. कन्नड ते कुठल्या शाळेत शिकले नव्हते, कचेरीत उभं राहून राहून शिकले. शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसायची, तेव्हापासून डोक्यात होतं की खिडकीच्या आत काय चालतं, अर्ज आत गेल्यावर तो नेमका कुठं कुठं फिरतो, ते शिकायचं. बी.ए.ला एका सरांनी सांगितलं की याचा वेगळा विषयच आहे, लोकप्रशासन म्हणतात. मला झोप आली नव्हती त्या रात्री.

तेव्हा इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, राणी चन्नम्मा विद्यापीठ खूप नंतर झालं, २०१० ला. मायग्रेशनचा दाखला (दुसऱ्या विद्यापीठात जायला लागतो तो) आणायला बाबा आणि मी पहाटेच्या लाल बसनं धारवाडला गेलो. पाऊस धो धो. तिथल्या क्लार्कनी बाबांचं कन्नड ऐकलं, कुठून आलात विचारलं, आणि परत फेरी नको म्हणून जेवणाच्या सुट्टीत बसून दाखला करून दिला. त्यांचं नावपण माहीत नाही मला, पण अजून आठवतात. मग महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात गेलो (नाव लिहीत नाही), शेवटचा दिवस होता. टीसीवर माझ्या नावात एक अक्षर जास्त आणि मार्कशीटवर कमी. अ‍ॅफिडेव्हिट आणा म्हणाले. तिथं ओळखीचं कोण नाही, वकील शोधून स्टॅम्प पेपर करून आलो तोवर खिडकी बंद. बाबा काहीच बोलले नाहीत परत येताना. निपाणी आल्यावर फक्त म्हणाले, अक्षर मी तपासायला पाहिजे होतं.

एवढी वर्षं लोकांचं अक्षर न् अक्षर तपासणारा माणूस, आणि ते वाक्य त्यांनी म्हणावं. ते मला अजून सहन होत नाही.

भाचीचा फॉर्म अजून अर्धाच झालाय. कोणी कोणी असं केलंय, लिहा. तिला वाचून दाखवते.

निपाणीकर

आत्या डोळ्यात पाणी आलं. आमच्या आईनं बिड्या वळून माझी फॉर्मची फी भरली, तीन ठिकाणचे फॉर्म भरले होते मी. अजून तंबाखूचा वास आला की मला अ‍ॅडमिशनचा महिना आठवतो. भाचीला सांगा मायग्रेशन आत्ताच काढ, अ‍ॅडमिशन झाल्यावर बघू म्हणू नको. दुसऱ्या विद्यापीठातनं जाणाऱ्याला तो आणि पात्रता प्रमाणपत्र दोन्ही मागतात. आणि ओरिजिनल देताना झेरॉक्स ठेवायची, एकदा दिला की दुसरा मिळवायला परत अ‍ॅफिडेव्हिट.

खानापूरची वैनी

मी इग्नूतनं केलं, एमपीए, म्हणजे लोकप्रशासनाचंच एम.ए. भाताची लावणी चालू होती तेव्हा फॉर्म भरला, हाताला चिखल आणि दीर मोबाईल धरून विचारतोय वैनी ओटीपी काय आलाय. जुलै आणि जानेवारी दोनदा प्रवेश असतो त्यामुळं एक गेलं तर सहा महिन्यांनी दुसरं, हे बाईमाणसाला फार बरं. तीस टक्के मार्क असाइनमेंटचे, ते मी रात्री भांडी झाल्यावर हातानं लिहायची. मुलगा विचारायचा आई तुला होमवर्क कोण देतंय.

एक सांगू का, प्रशासकीय सिद्धांतांच्या पेपरात मेरी पार्कर फॉलेट म्हणून बाई आहेत, शंभर वर्षांपूर्वीच्या. त्या म्हणतात सत्ता कुणावर चालवायची नसते, कुणाबरोबर चालवायची असते. मी तेव्हा पंचायतीत मेंबर होते, महिला राखीवमधनं. मीटिंगमध्ये मला सही कुठं करायची एवढंच दाखवायचे. ते पान वाचल्यावर पुढच्या मीटिंगला मी ठराव आधी वाचून दाखवा म्हणाले. कन्नडमधून वाचला, मग मराठीत सांगा म्हणाले. पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, चांगले होते, त्यांनी सांगितलं. तेव्हापासून दर मीटिंगला दोन्ही भाषेत सांगायचे. बाकी नंतर लिहिते कुकर लावलाय

अनगोळ ४

वैनी 👏👏

येळ्ळूरचा पोरगा

मला एक विचारायचंय, ते ८६५ गावांचं सर्टिफिकेट असतंय नव्हं, ते एम.ए.च्या अ‍ॅडमिशनला चालतंय काय? आमच्या मामांनी सांगितलं चालतंय म्हणून आणि मी त्याच्याच मागं लागलोय

कंग्राळी दादा

@येळ्ळूर बाळा दोन गोष्टी वेगळ्या आहेत, मिसळू नको. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीच्या जाहिरातीत असतं की कर्नाटकातल्या, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतला मराठी भाषिक, पंधरा वर्षं वास्तव्य असलेला, तो अर्ज करू शकतो, विहित नमुन्यातला दाखला जोडून. ते नोकरीचं. एम.ए.च्या प्रवेशाला त्या त्या विद्यापीठाचं माहितीपत्रक काय म्हणतं ते वाचायचं, सीमाभागाच्या जागा असल्या तर त्यात लिहिलेलं असतं. मामांचं ऐकून फॉर्म भरू नको, मी भरला होता.

आणि जातीचं. आपण इकडं थ्री-बी या मागास गटात, नाडकचेरीतनं कन्नडमध्ये दाखला आणला, नोटरीकडून भाषांतर केलं, सगळं नीट लावून घेऊन गेलो. तिथं कळलं की दुसऱ्या राज्याचा मागास दाखला धरत नाहीत, ओपनमध्येच धरणार. भाषांतराचे पैसे गेले ते गेले, पण यादीत नाव शोधताना मी चुकीच्या यादीत शोधत होतो दोन दिवस. घरी सांगितलं नाव नाही लागलं. आई जेवली नाही. आणि नाव होतं ओपनच्या यादीत, अकराव्या नंबरला.

येळ्ळूरचा पोरगा

बरं झालं विचारलं दादा 🙏 आईनी जेवल्या का मग

कंग्राळी दादा

मग काय, मांडे आणले होते शहापुरातनं

टिळकवाडी, आता पुणे

मांडे म्हटल्यावर राहवत नाही. हॉस्टेलला पहिल्या दिवशी कुंदा घेऊन गेलेले अर्धा किलो, दहा मिनिटांत डबा रिकामा आणि चार वर्षं टिकणाऱ्या मैत्रिणी मिळाल्या. आता पुण्यात बेळगावचा कुंदा म्हणून काहीही विकतात, तो चॉकलेटी रंगाचा ओला ओला, तसला घेऊ नका

अनगोळ ४

खरा कुंदा दाणेदार असतो ताई. रवाळ.

टिळकवाडी, आता पुणे

हो ना!! सॉरी विषयावर येते. मी एसओपी लिहिला होता, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचाय ते पानभर. पहिल्यांदा इंटरनेटवरचं बघून लिहिलं, लहानपणापासून देशसेवेची आवड वगैरे. सरांनी फाडला. अक्षरशः फाडला. म्हणाले तू बेळगावची, तुझ्याकडं सांगायला एवढं आहे आणि हे काय लिहितेस. मग मी घटनेचं ३५० ख लिहिलं, भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमायची तरतूद, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलेली, ज्या वर्षी राज्यं भाषेवर पाडली त्याच वर्षी. आणि ३५० क, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळायची सोय. आणि त्याच्याखाली लिहिलं की माझ्या आजीला विजेच्या बिलाच्या मागं काय लिहिलंय ते आयुष्यभर दुसऱ्यानं वाचून दाखवलं. मुलाखतीत सगळे प्रश्न आजीवरच आले. भाचीला सांगा आत्या, आजोबांचं झाड लिही. तेच लिही.

चंदगडी

मी तसा महाराष्ट्रातला पण आई उचगावची. आमचा चंदगड तालुका १९५६ आधी बेळगाव जिल्ह्यातच, त्यामुळं आजोळ आणि घर एकाच जिल्ह्यात होतं ते दोन राज्यांत गेलं. बाजार अजून बेळगावचाच आम्हाला. फॉर्मला रहिवासी विचारतात तेव्हा आईकडचे भाऊ परराज्यातले आणि मी राज्यातला, एकाच ताटात जेवलेलो आम्ही

हिंडलगा

मुलाखतीचा किस्सा माझापण. तीन जण समोर. विचारलं, तुमच्या गावात जमिनीचा उतारा कोण देतं? मी म्हटलं तलाठी. एक मॅडम म्हणाल्या, कर्नाटकात तलाठी कुठं असतो? घाम फुटला मला, कारण आमच्याकडं सगळे तलाठीच म्हणतात, माझ्या वडिलांनी जन्मात दुसरा शब्द वापरला नाही. मग सावरून सांगितलं की मॅडम पद व्हिलेज अकाउंटंटचं आहे (तेव्हा तेच नाव होतं), पण बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, तेव्हाचा तलाठी लोकांच्या तोंडात राहिला. तसंच कागदावर आरटीसी, तोंडात उतारा. तिकडं कलेक्टर, इकडं डीसी म्हणजे डेप्युटी कमिशनर. तिकडं प्रांत, इकडं एसी म्हणजे असिस्टंट कमिशनर. तिकडं तेव्हा ग्रामसेवक, इकडं पीडीओ. त्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि वीस मिनिटं याच्यावरच बोललो आम्ही. त्या म्हणाल्या याला तौलनिक लोकप्रशासन म्हणतात, तुम्ही घरातच शिकून आलात. मला वाटलेलं आपण दोन्हीकडं अर्धे अर्धे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं आपल्याला दोन्ही पूर्ण येतंय.

अथणीची

मी इकडंच केलं, कर्नाटकातच. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग एकदम इंग्लिश आणि कन्नड. वर्गातली माझी मैत्रीण कन्नड होती, तिनं मला प्रत्येक शब्द दोनदा सांगितला. प्रशासन म्हणजे आडळित. पहिल्या आठवड्यात तो शब्द मी तळहातावर लिहून फिरायची. तिच्या लग्नात मी पाठराखीण होते. भांडणं वर चालतात, आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री तिच्या आईच्या हातची जोळद रोट्टी खाऊन पोस्डकॉर्ब पाठ केलंय

उचगाव बाबा

पोस्डकॉर्ब म्हणजे काय ग पोरी

अथणीची

काका ते गुलिकनं १९३७ ला सांगितलं, प्रशासनाची कामं कुठली ती पहिल्या अक्षरांनी. प्लॅनिंग, ऑर्गनायझिंग, स्टाफिंग, डायरेक्टिंग, कोऑर्डिनेटिंग, रिपोर्टिंग, बजेटिंग.

उचगाव बाबा

हे सगळं आमची सौ. रोज करते

खानापूरची वैनी

काका त्यांना एकदा हे वाचून दाखवाच, खूश होतील. (कुकर झाला.)

संकेश्वर

पण याचा उपयोग काय, नोकरी लागते काय? मुलगी करायचं म्हणतेय म्हणून विचारतो, वाईट वाटून घेऊ नका कोणी. डी.एड. केलेली बरी नव्हे का

हिंडलगा

@संकेश्वर काका खरं सांगतो, नुसत्या डिग्रीवर कोणी खुर्ची देत नाही. यूपीएससीला हा वैकल्पिक विषय घेता येतो, आणि नाही घेतला तरी सामान्य अध्ययनातला कारभाराचा भाग याच्यातनंच तयार होतो. नेट देऊन प्राध्यापक होता येतं. पंचायतींबरोबर काम करणाऱ्या संस्था घेतात. मी आज एका संस्थेत ग्रामपंचायत मेंबरांना बजेट वाचायला शिकवतो, पगार फार नाही पण घर चालतं. मुलीला आवड असेल तर अडवू नका काका. आणि पदवीला हा विषय नसला तरी पुष्कळ ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, पात्रता वाचून घ्या.

संकेश्वर

बरं. रात्री बोलतो तिच्याशी.

वडगावची आत्या

सगळं वाचलं, भाचीला मोठ्यानं वाचून दाखवलं. आजीच्या विजेच्या बिलाशी ती थांबली आणि उठून आतल्या खोलीत गेली. बाबांची पत्र्याची पेटी आहे तिथं. त्यात माझ्या १९९८ च्या मायग्रेशनची झेरॉक्स निघाली, आणि खाली ते अ‍ॅफिडेव्हिट, जे त्या दिवशी उशिरा झालं. बाबांनी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेलं. मला माहीतच नव्हतं.

नाव जुळत नव्हतं त्याचं अ‍ॅफिडेव्हिट तिनं आजच सकाळी करून घेतलं, आधीच. पानभर लिहिलंय झाडाबद्दल, मला अजून दाखवत नाही. फॉर्म आत्ता सव्वाचारला गेला. @निपाणीकर, पात्रता प्रमाणपत्राला पदवीचं सर्टिफिकेट नाही मिळालं अजून तर प्रोव्हिजनल चालेल का?

निपाणीकर

आमच्या वेळी चाललं होतं. पण उद्या सकाळी दहाला त्यांना फोन करूनच विचारा आत्या, लागला नाही तर मला सांगा, मी परवा तिकडंच चाललोय, खिडकीवर विचारून येतो.