‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ची रिफ: फ्रेट बरोबर, तरी बेसूर

नवखा_गिटारवाला: क्रीम या रॉक बँडची ही रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) अशी वाजवतोय, आकडे फ्रेटचे, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांचे: चौथ्या तारेवर १२-१२-१०-१२, पाचवीवर १२-११-१०, सहावीवर १०-१३-१०. आवाज कर्कश येतो, शेवट बेसूर होतो. काय चुकतंय? गिटार हंबकरवाली (दुहेरी कॉइलच्या पिकअपची; पिकअप म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग) आहे.

सहावी_तार: नेक पिकअप (मानेजवळचा) लावा, टोनचा नॉब शून्यावर, अँप ओव्हरड्राइव्हवर, म्हणजे आवाज थोडा फाटेल असा. क्रीमचा गिटारवादक क्लॅप्टन याचा १९६७ चा ‘वुमन टोन’ (मऊ, गोलसर आवाज) असाच येतो. गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) बेतानेच, नाहीतर सगळा चिखल.

बेसूर होतोय तो सहाव्या तारेच्या तेराव्या फ्रेटवरचा एफ स्वर. व्हायब्रेटो (स्वराला कंप) देताना तार पाचवीच्या दिशेने, म्हणजे जमिनीकडे ओढा. वर ढकललीत तर ती फिंगरबोर्डवरून घसरते. अनामिकेने दाबा, मागे मधल्या बोटाचा आधार द्या. मनगट फिरवा, नुसतं बोट नको.

नवखा_गिटारवाला: आणि गाण्यात जी कॉर्ड आल्यावर रिफ कशी वाजवायची?

ठेका: फ्रेट तेच, बोटं तीच, फक्त तिसऱ्या तारेपासून सुरुवात. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) आधी मिनिटाला ७० ठोक्यांवर, मग हळूहळू ११५ कडे. क्रीमचा ड्रमर जिंजर बेकर याचा जोर चार ठोक्यांपैकी १ आणि ३ वर आहे. सवयीने २-४ वर पाय आपटलात तर रिफ पळायला लागते.